रोज लावत जा

दादाजी पचारेला कमी ऐकू येतं हे भद्रावतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्याचा तसा समज होता.

गेल्या तीन वर्षांत त्यानं एक शब्द जवळ बाळगला होता. बराबर. समोरच्याचं बोलणं अर्धं कळलं, पाव कळलं किंवा नुसते ओठ हललेले दिसले, की तो मान हलवून म्हणायचा, "बराबर." बहुतेक वेळा त्यावर भागून जायचं. माणसं जे बोलतात त्यातल्या बऱ्याचशा बोलण्याला एवढंच उत्तर पुरतं, हे त्याला या तीन वर्षांत समजलं. चांगलं ऐकू येत होतं तेव्हा समजलं नव्हतं.

लपवण्याचं कारण साधं होतं. बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सहा बाय आठचं दुकान होतं, आणि दुकानावर ऑइलपेंटनं रंगवलेली पत्र्याची पाटी होती : 'रेडिओ, अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्ती. आवाजाची गॅरंटी.' पाटी पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. आता दुकानात मिक्सर यायचे, कुलरच्या मोटारी यायच्या, इस्त्र्या यायच्या. त्यांना कान लागत नाही. पण वर्षातून चार-दोनदा कुणीतरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ नाहीतर रेकॉर्ड प्लेअर चादरीत गुंडाळून आणायचं, कारण चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंत व्हॉल्व्हच्या मशीनला हात लावणारा दुसरा कुणी उरला नव्हता. तसं मशीन आलं की दादाजी त्या दिवशी जेवायला घरी जायचा नाही. त्या चार-दोन मशीनसाठीच तो रोज शटर उघडत होता. आणि कानात यंत्र घालून बसलेल्या माणसाकडे आवाजाची वस्तू कोण आणणार?

दादाजी हे त्याचं जन्मापासूनचं नाव. नातवंडं झाली तेव्हा नाव वयाला बसलं, एवढंच. बाप ढिवर, सिंदेवाहीकडच्या एका मोठ्या तलावावर मासे धरायचा. सतराव्या वर्षी दादाजी भद्रावतीला विटा वाहायला आला. तेव्हा तिथं दारूगोळ्याच्या कारखान्याची कॉलनी बांधली जात होती. कानपूर, जबलपूर, मद्रास अशा कुठल्या कुठल्या गावांची माणसं तिथं राहायला येत होती आणि प्रत्येकाच्या बिऱ्हाडात एक रेडिओ असायचा. रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. एकदा अण्णानं एक जड रेडिओग्राम उचलायला त्याला हाक मारली. त्यानं उचलला, दुकानात नेऊन ठेवला, आणि अण्णा पाठीमागची फळी काढत असताना बघत उभा राहिला. विटांवर तो परत गेला नाही.

अण्णाला मराठी येत नव्हतं आणि दादाजीला हिंदी. तरी अण्णानं पहिल्या दिवशी सांगितलं ते दादाजीला कळलं : "पैले सुनने का. बाद में खोलने का." स्क्रू काढायचा पेचकस हातात घेण्याआधी आवाज ऐकायचा. पूर्ण ऐकायचा. मशीन आपलं दुखणं स्वतःच सांगतं.

पुढं अण्णा आपल्या मुलुखाला गेला आणि दुकान दादाजीकडे आलं. फळी काढली की रेडिओ कुठला हे तो सांगू शकायचा. माजरीच्या रेडिओत कोळशाची भुकटी असायची. कॉलनीतल्या रेडिओत झुरळांची अंडी. आणि वैनगंगेकडून, झाडीतल्या गावांतून आलेल्या रेडिओत कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर. ते त्याला मोडवायचं नाही, पण मोडावं लागायचं.

कान गेले ते एका दिवसात गेले नाहीत. आधी फोडणीचा चर्र गेला. मग मोबाइलची घंटी. मग माणसांच्या बोलण्यातले स, श, फ, त गळू लागले आणि काटे काढलेल्या माशासारखं मऊ, आकार नसलेलं काहीतरी कानाशी येऊ लागलं. दादाजीनं यावर एक तोड काढली. पेचकसाचं टोक स्पीकरच्या चौकटीला टेकवायचं आणि लाकडी मूठ दातांत धरायची. आवाज हाडांतून यायचा. साफ आवाज दातांत गुळगुळीत लागायचा. फाटका आवाज खडे असलेल्या भातासारखा. तीन वर्षांत मुठीवर दातांच्या खुणा पडल्या होत्या. गिऱ्हाईक समोर असताना तो हे कधी करायचा नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात देवानंद आला. मार्कंड्याच्या अलीकडच्या गावातला ढिवर, पन्नाशीचा, वैनगंगेवर डोंगा चालवणारा. वाकळीत बांधलेलं मशीन त्यानं टेबलावर ठेवलं. व्हॉल्व्हचा रेकॉर्ड प्लेअर, लाकडी पेटीतला, आतच अँप्लिफायर. देवानंदचा आवाज मोठा होता. या काठावरून त्या काठावर बोलायची सवय असलेल्या माणसाचा. दादाजीला त्याचं अक्षर न् अक्षर कळलं, आणि हा माणूस त्याला त्या क्षणी आवडला.

"भाऊ, दहा मिनिटं मस्त चालते. मंग आवाज फाटते. असा फाटते का जसा कोनी धोतर फाडून राह्यला."

"कोनाची हाय?"

"बाबाची. नथ्थू पोंगेवाले मनत त्याइले. लगनात, मार्कंड्याच्या जत्रेत लाउडस्पीकरचा पोंगा लावत. बाबा गेले, पोंगा इकला, हे राह्यली."

"रेकाड आनली का संगं?"

"कुठी भाऊ! बाकीच्या पुरात गेल्या, एकच हाय. सनईची. माय त्याले कोनाले हात लावू देत नाई. माघात माह्या रीताचं लगन हाय, सकारचा मुहूर्त हाय. माय मनते, बाकी डीजे आना का फीजे आना, पयली सनई बाबाचीच वाजन."

देवानंद मशीन ठेवून गेला. दादाजीनं फळी काढली. कुंभारमाशीची दोन घरं होती, ती काढली. मशीन लावलं आणि आपल्याजवळची एक रेकॉर्ड त्यावर ठेवली. पहिली दहा मिनिटं दात काही बोलले नाहीत. मग कुरकुरले. त्यानं दुकानातला दिवा मालवला आणि आत पाहिलं. मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेत काळी असायला हवी ती पट्टी चुलीतल्या इंगळासारखी लाल होत होती.

आता ऐकायची गरज नव्हती. त्या व्हॉल्व्हच्या आधी कागदी कंडेन्सर असतो. त्यानं गाणं पुढं जाऊ द्यायचं आणि पाठीमागचा करंट अडवायचा, एवढंच त्याचं काम. साठ वर्षांच्या उन्हानं आणि ओलीनं तो थकतो, मग गाण्याबरोबर करंटही सोडू लागतो. पुढचा व्हॉल्व्ह तापतो आणि आवाज फाटतो. दादाजीनं कंडेन्सर बदलला. मीटर लावून पाहिलं. तासभर रेकॉर्ड वाजवली. पट्टी काळी राहिली. दात गुळगुळीत.

दात साफ म्हणाले, मीटर साफ म्हणालं. कानानं काही म्हटलं नाही. वच्छलाला, बायकोला, एकदा बोलवावं आणि ऐक म्हणावं असं त्याच्या मनात आलं. घर दुकानामागं चौथं. तो स्टुलावरून अर्धा उठलासुद्धा. मग बसला. कशाला बोलावलं, हे तिनं विचारलं असतं.

मशीन न्यायला देवानंदसोबत त्याची आई आली. मैनाबाई, ऐंशीच्या घरातली, वाळलेली, नाकात चमकी, पदराचा काठ ओठांवर. मशीन परत आपल्या मांडीवर घेऊनच ती जाणार होती. पोरावर तिचा भरवसा नव्हता. देवानंद ऑटो आणायला गेला तेव्हा ती स्टुलावर बसून दादाजीला काहीतरी विचारू लागली. तिचे पुढचे दात पडले होते. पदराआडून आवाज वाटीत बोलल्यासारखा येत होता, आणि नेमकी त्याच वेळी बाहेर एक बस हॉर्न वाजवत वळत होती. दादाजीला 'रेकाड' एवढं कळलं, आणि शेवटचं, "...लावत जाऊ नं?"

"बराबर," दादाजी म्हणाला.

तिनं भुवया वर केल्या. बोटांवर दिवस मोजून पुन्हा विचारलं : रोज?

"रोज लावत जा, बाई. मशीन पडून राह्यली का मरते. लावत राह्यलं तं आनखी वीस वर्स जाते."

मैनाबाईला समाधान वाटलं. तिनं पेटीवर हात फिरवला. जाताना पदर तोंडावरून काढून ती आणखी काही बोलली आणि हसली. दादाजीही हसला.

त्याच सुमारास त्याची सायकल गेली. अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी काळी सायकल एक दिवस तिथं नव्हती. चोरीला गेली असं त्यानं ठरवलं. वच्छलाला विचारलं नाही. विचारलं की बोलणं निघतं आणि बोलणं निघालं की ऐकावं लागतं. तो पायी दुकानात जाऊ लागला.

संक्रांत झाली आणि देवानंदचा फोन आला. फोन कानापासून लांब धरला तरी कळावं असा.

"भाऊ, परत फाटून राह्यला. पयल्यापेक्षा बेक्कार! आठ दिवसांवर लगन आलं. माय जेवून नाई राह्यली."

दादाजी म्हणाला, येतो.

त्यानं फोन ठेवला. त्याला एकच गोष्ट दिसत होती. आवाज परत फाटला नव्हता. तो इथंच, या टेबलावर फाटकाच होता, आणि आपल्याला कळला नव्हता. दातांना ढोबळ फाटणं कळतं, बारीक कळत नाही. मग गेल्या तीन वर्षांत जेवढी मशीनं आवाजाची गॅरंटी देऊन पाठवली त्यांचं काय? बल्लारपूरचा तो रेडिओ. वडशाच्या नाटक कंपनीचा अँप्लिफायर. कुणी तक्रार केली नव्हती. पण लोक तक्रार करत नाहीत, पुढच्या वेळी येत नाहीत. खरंच, कंपनीवाले परत आले नव्हते.

त्यानं ठरवलं : जायचं. दातांनी ऐकायचं. तिथं मशीन फाटतंय असं सगळे म्हणाले आणि आपल्याला ते कळलं नाही, तर परत येऊन पाटी उतरवायची.

पिशवीत जुन्या मोज्यांत गुंडाळलेले चार व्हॉल्व्ह, मीटर, सोल्डरची कावी, दोन कंडेन्सर आणि स्वतःची एक रेकॉर्ड. निघताना वच्छला दारात येऊन काही बोलली. "बराबर," म्हणून तो निघाला.

चंद्रपूर, मूल, चामोर्शी. तीन गाड्या बदलून तो पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अंगणात जाळी वाळत होती. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मैनाबाईनं मशीन पडवीत, उन्हाच्या पट्ट्यात मांडलं होतं. तिनं स्वतः सनईची रेकॉर्ड आणली, दोन्ही तळव्यांवर, परातीसारखी. काळी, जड, चकचकीत. दादाजीला ती फार चकचकीत वाटली, पण जपलेली वस्तू तशी असते.

देवानंदला पाणी आणायला पाठवून त्यानं पेचकस दातांत धरला. सनई सुरू झाली. गुळगुळीत.

देवानंद तांब्या घेऊन आला आणि दादाजी त्याच्या तोंडाकडे पाहू लागला. आता हा म्हणेल, पाहा कसा फाटून राह्यला.

"आता चांगली चालून राह्यली," देवानंद म्हणाला. "दुपारी चांगलीच चालते, भाऊ. सकारी पाहा तुमी. सकारी फाटते."

मैनाबाई पदराआडून काही बोलली.

"काय मनते बाई?"

"माय मनते, फाटत नाई, गोठते. सकारी गोठते, उन्ह आलं का मोकळा होते. मी मनतो फाटते, थे मनते गोठते. रोजचं भांडन हाय आमचं!"

दादाजीनं मान हलवली. म्हातारी माणसं असं काहीही बोलतात. त्याला विजेचा संशय आला. सकाळी शेतातले पंप सुरू होतात, दाब पडतो. त्यानं मीटर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवलं, मुक्काम केला, रात्री वाघूर माशाचं कालवण आणि भात जेवला आणि लवकर झोपला.

सकाळी थंडी होती. नदीवर धुकं होतं आणि धुक्यात कुणीतरी डोंग्यातून पाण्यावर काठी ठोकत मासे हाकत होतं. ते दादाजीला दिसलं, ठोकणं ऐकू आलं नाही. त्यानं मीटर पाहिलं. दाब पुरेसा. मैनाबाईनं रेकॉर्ड लावली. दादाजीनं या वेळी देवानंद समोर असतानाच पेचकसाची मूठ तोंडात धरली.

दात झिणझिणले. वाळू चावावी तसं. सनई कुठं नव्हतीच, नुसती खरड.

त्याला आधी बरं वाटलं. इतकं बरं, की तो काही क्षण तसाच मूठ चावत राहिला. दात खोटं बोलत नव्हते. दुकानात साफ होतं ते साफच होतं. मग त्यानं आत पाहिलं. पट्टी काळी. कंडेन्सर थंड. सगळं जागच्या जागी, आणि तरी आवाज फाटत होता. आपली रेकॉर्ड लावून पाहावी म्हणून त्यानं सुईचा हात उचलला, आणि सुईच्या टोकाला त्याला काहीतरी पांढरं दिसलं. माशाच्या खवल्याएवढं. त्यानं ते बोटावर घेतलं. चिमटीत चोळलं. विरघळलं. त्यानं बोट नाकाशी नेलं.

नाक त्याचं चांगलं होतं. टोळीचं तेल. मोहाच्या बियांचं. लहानपणी आई ते डोक्याला थापायची आणि थंडीच्या दिवसांत बाटली चुलीजवळ ठेवायची, कारण सकाळी ते तुपासारखं घट्ट बसायचं.

त्यानं रेकॉर्ड उचलून तिरपी धरली. रेघांमध्ये पांढरी साय बसली होती.

"रेकाडीले टोळीचं तेल कोनं लावलं?"

मैनाबाई चुलीपाशी फुंकणी घेऊन बसली होती. तिनं चमकून पाहिलं आणि तोंडावरचा पदर काढला. ती काय बोलली ते देवानंदनं ओरडून सांगायची गरज पडली नाही. ती स्वतःच मोठ्यानं बोलत होती.

"कोनं मंजे? मीच लावतो. तुमीच तं सांगतलं!"

"मी?"

"दुकानात. मी इचारलं नाई का, दसऱ्याले लावतो, आता सनई वाजवाची हाय, रेकाडीले तेल लावत जाऊ नं? तुमी बराबर मनले. मी इचारलं रोज? तं रोज लावत जा मनले. वीस वर्स जाते मनले."

देवानंद हसत सुटला. भिंतीला हात टेकून हसला.

"माय, बह्याड झाली का तू? कोनी मेकॅनिक रेकाडीले तेल लावाले सांगन का? भजे तळाचे होते का त्याच्यावर?"

"मले बह्याड मनू नको. डोंग्याले तेल लावतो, तव्याले लावतो, जात्याच्या खुट्याले लावतो. काळी वस्तू तेलानं राह्यते. तुह्या बापाची वस्तू, वर्सातून एक डाव दसऱ्याले लावत होतो. रोज लावाचं भाऊनंच सांगतलं."

"आता हे रीताच्या सासऱ्याले सांगतो मी. मांडवात सांगतो! आमच्या बुढीनं सनई तळली मनून."

मैनाबाईच्या पदराचा काठ पुन्हा ओठांवर गेला. ती चुलीकडे वळली, पण फुंकणी तशीच हातात राहिली.

दादाजीच्या डोळ्यांसमोर दुकानातली ती दुपार आली. लावत जाऊ नं. रेकाड लावतात, तेलही लावतात. एक शब्द त्याच्या कानात पडला होता आणि एक पडला नव्हता, आणि पडला नव्हता तो तेल होता.

"भाऊ," देवानंद डोळे पुसत म्हणाला, "तुमी सांगा बरं हिले. तुमी असं काऊन सांगान? बुढीचं डोकं गेलं. बराबर नं?"

शब्द समोरून आयता आला होता. नुसती मान हलवायची होती. मैनाबाईचं कुणी खरं धरलं नसतं. ऐंशीची बाई, दात नसलेली, रेकॉर्डला तेल लावणारी. मांडवात लोक हसले असते, पुढंही दोन-चार लग्नांत हसले असते. आणि दादाजी पचारेचं नाव वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शाबूत राहिलं असतं.

"नाई," दादाजी म्हणाला.

"काय नाई?"

"बाई खरं सांगते. मी मनलो तसं. मले वाटलं, रेकाड लावत जाऊ का मनते. तेल मले आयकूच नाई आलं." त्याला वाटलं इथं थांबता येईल. मग तो पुढं बोलला. "मले आयकू येत नाई, देवानंद. तीन वर्स झाले. तुहा आवाज येते, तू डोंग्यावरच्यावानी बोंबलतं मनून. बाईचा नाई आला. आयकू नाई आलं का मी बराबर मनून देतो."

देवानंदचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं. "मंग मशीन कशी दुरुस्त करता तुमी?"

दादाजीनं पेचकस पुढं केला. देवानंदनं मुठीवरच्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"मायबाई," मैनाबाई म्हणाली. "तं सांगाचं नाई का?"

"सांगतलं असतं तं आनली असती का मशीन माह्याकडं?"

देवानंदनं विचार केला. "नसती आनली," तो म्हणाला. खोटं बोलण्यासारखी सकाळ नव्हती ती.

"मंग कुठी नेली असती रे?" मैनाबाईनं पोराला विचारलं. "नदीत? दुसरा हाय कोन?"

देवानंदनं पाण्याचं भांडं चुलीवर ठेवलं.

पाणी कोमट केलं, त्यात रिठे चुरले. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला. रेकॉर्ड पुसायचं काम दादाजीनं मैनाबाईला दिलं. तिची बोटं सत्तर वर्षं जाळी विणत आली होती. जाळ्याच्या गाठीत अडकलेला केस तिला डोळे मिटून काढता यायचा. "रेघ जशी जाते तसं पुसा, आडवं नाई. मधल्या कागदाले पानी नाई लागलं पाह्यजे." ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती, उठून, त्याच्या कानापाशी येऊन, आणि त्यानं काय ऐकलं ते त्याच्याकडून वदवून घेत होती.

"आता काय इचारलं मी?"

"कपडा बदलू का मनून इचारलं."

"मंग? बदलू?"

"बदला."

"नुसतं बदला नका मनू. कोनता घेऊ थे सांगा."

तीनदा पाणी बदललं. तिसऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग आला नाही. रेकॉर्ड सावलीत उभी करून वाळवली. सुई दादाजीनं रंगाच्या बारीक ब्रशनं साफ केली. नऊ वाजत आले होते. ऊन अजून पडवीत आलं नव्हतं. मैनाबाईनं रेकॉर्ड लावली.

दादाजीनं पेचकस पिशवीत ठेवला होता. तो मैनाबाईच्या चेहऱ्याकडे पाहत बसला. ती डोळे मिटून शेवटच्या रेघेपर्यंत ऐकत होती. जाळ्याकडे गेलेला देवानंद तिथंच थांबला होता. सुई मधल्या कागदापाशी येऊन गोल फिरू लागली तेव्हा तिनं डोळे उघडले.

"साफ हाय का, बाई?" दादाजीनं विचारलं. तीन वर्षांत त्यानं हे कुणाला विचारलं नव्हतं.

"साफ हाय." मग तिनं बोट वर केलं. "मधात एका जागी खर्र करते."

"किती डाव?"

"एकच."

दादाजी पिशवीकडे वळला, तर तिनं हात धरून त्याला बसवलं. "थे राहू द्या. थे त्याइनंच पाडलं. जत्रेत दारू पिऊन सुई आपटली होती. चाळीस वर्स झाले. थे गेलं तं मले वाटन का रेकाड बदलून आनली तुमी."

लग्नाला या म्हणून तिनं दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्याच्याकडून तारीख वदवून घेतली. देवानंदनं त्याला चामोर्शीच्या गाडीपर्यंत सोडलं. वाटेत तो नेहमीपेक्षाही मोठ्यानं बोलत होता; रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती. दादाजीनं त्याला थांबवलं नाही.

भद्रावतीला उतरायला संध्याकाळ झाली. दादाजी दुकानावरून गेला. पाटीकडे त्यानं पाहिलं. ती उतरवायची की तिच्यावर काही खोडायचं, हे त्याचं ठरलं नव्हतं. तो घरी गेला. अंगणात एक बाज टाकलेली होती आणि तिच्यावर वच्छलाचा भाऊ मुखरू, जो सिंदेवाहीला राहायचा, दादाजीची चादर पांघरून घोरत होता.

दादाजीनं पिशवी ठेवली. भिंतीकडे, सायकलीच्या जागेकडे पाहिलं.

"वच्छला, माही सायकल कुठी गेली?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भंगारवाल्याले देली. दिवाळीच्या टायमाले. चाक वाकडं होतं. तुमाले इचारून देली."

"मी काय मनलो?"

"बराबर मनले."

"अन् हा?" त्यानं बाजेकडे बोट केलं.

"काल जाता जाता इचारलं नाई का, मुखरू येऊन राह्यला, महिनाभर ठेवून घेऊ का मनून." तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मले ठाऊक हाय, अवो. दोन वर्सांपासून ठाऊक हाय. मी वाट पाहून राह्यली होती, कधी सांगता मनून."

दादाजी उंबऱ्यावर बसला. "आनखी कशा-कशाले मी बराबर मनलो?"

वच्छलानं सूप बाजूला ठेवलं. पाट ओढून ती त्याच्या उजव्या अंगाला, कानापाशी येऊन बसली.

"चहा घेऊन बसा," ती म्हणाली. "वेळ लागन."